पाच लाल पानं

मास्तरच्या हातात पाच लाल पानं होती. पाचही बदामाची असली तर डाव त्याचा, आणि एखादी चौकट मध्ये घुसली असली तर हाती धुपाटणं. पण त्याला दिसत होते ते नुसते लाल ठिपके. बदाम कुठला आणि चौकट कुठली, हे त्याला हल्ली कळेनासंच झालं होतं. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. डोळे गेलेल्या कटरच्या हाती कापड कापायची कात्री कोण देणार?

जेवणाच्या सुट्टीत शिलाईच्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर पोकर रंगायचा. मालक, इस्त्रीवाला, काज-बटण करणाऱ्या काकू आणि मास्तर. डावावर लावायची ती बटणं. पानं नीट कळली नाहीत की मास्तर ती सरळ पालथी टाकून द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे त्याला भित्रा म्हणत, आणि ते त्याच्या पथ्यावरच पडत होतं.

मालकाने मूठभर बटणं पुढे सरकवली.

"बोला मास्तर, येताय की पळताय?"

"जरा बघू तरी द्या."

"बघायचंय काय त्यात? तुम्ही टाकलेली पानं मी उलटून बघतो बरं का. लाल आली की पळता तुम्ही. परवा तर जिंकलेला डाव टाकलात!"

मालक हसत होता. गेल्या आठवड्यात मास्तरकडून बाही तिरकी कापली गेली, तेव्हाही तो असाच हसला होता.

आता पानं टाकली तर मालकाचा संशय पक्का. खेळलो आणि चुकलो तर सगळ्यांदेखत शोभा. इकडे आड, तिकडे विहीर. पण पाचही बदाम निघाले तर? मग कुणाची बोलायची टाप नाही. कात्री राहील. मास्तरने मनातल्या मनात देवाला हात जोडले, होती नव्हती ती बटणं पुढे ढकलली आणि पानं टेबलावर उघडी केली.

"पाचही बदाम!" तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

सगळे पानांवर वाकले.

"अहो, ही दोन तर चौक..." इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं, पण काकूंनी त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"बदामच आहेत," त्या म्हणाल्या आणि घाईघाईने पानं गोळा करू लागल्या. "मास्तर जिंकले. द्या ती बटणं त्यांना."

एरवी एका बटणासाठी तासभर हुज्जत घालणाऱ्या इस्त्रीवाल्याने मुकाट्याने बटणं सरकवली. मास्तरला रडूच कोसळेल असं वाटलं. तो उठला.

"चला, तो काळा सूट घेतो कापायला."

"राहू द्या, मी कापतो." मालकाने कात्री आधीच उचलली होती. टेबलाला वळसा घालून तो जवळ आला आणि त्याने मास्तरचा दंड धरला.

"सावकाश हं, मास्तर. इथे पायरी आहे."