गाडीची खोड

"अण्णा, हिची खोड काय?" बजरंगनं विचारलं आणि पांढऱ्या डिकीवाल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

रंगनाथअण्णांच्या अंगणात या प्रश्नाचं नवल नव्हतं. घोडेगावच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी जनावरं विकली ती खोड आपल्या तोंडानं सांगून. ही लाथ मारते. हा उन्हाचा बसतो. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. बाकीचे व्यापारी त्यांना हसायचे, आणि स्वतःच्या घरी दुभती गाय न्यायची झाली की गुपचूप त्यांच्याचकडे यायचे.

बजरंग पाथर्डीकडचा, दरसाल बैलगाडी घेऊन ऊसतोडणीला जाणारा. त्याची बैलजोडी अण्णांकडचीच. डावा बैल पाण्यात पाय घालत नाही, हे अण्णांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो बैल शेवटपर्यंत प्रत्येक ओढ्याशी अडून राहिला. बजरंगला त्याचंच कोण कौतुक! चार माणसांत तो सांगायचा, अण्णांचा शब्द म्हणजे शब्द.

आता त्याला अण्णांची ही जुनी गाडी विकत घ्यायची होती ती आरतीसाठी. पोरीला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. उद्या सकाळी होस्टेलवर सोडायचं होतं.

"आमच्या वस्तीवरची पयलीच पोरगी, अण्णा. गाडीतनं उतरली पायजे."

गाडीची खोड घरात सगळ्यांना पाठ होती. तासभर चालून तापली की तिसरा गिअर सटकायचा. मग कुठलाच गिअर पडायचा नाही आणि गाडी भर रस्त्यात उभी. गिअरबॉक्स तीनदा खाली उतरवून झाला होता. दर वेळी मिस्त्री छातीवर हात मारून सांगायचा, आता बघायचं काम नाही. आणि पंधरा दिवस होतात न होतात तोच अण्णांच्या मुलाला, सुनीलला, ती कुठून तरी दोर बांधून ओढत आणावी लागायची. थंड असली की मात्र इतकी शहाण्यासारखी चालायची, की बघणाऱ्याला वाटावं, हे लोक उगाच गाडीला नावं ठेवतात.

सकाळीच सुनील म्हणाला होता, "अण्णा, ते काय जनावर न्हाई. जुनी गाडी घेनाऱ्यानं बघून घ्यायची असती. सांगून कोन इकतं का?"

अण्णांनी दाराकडं पाहिलं. सुनील चौकटीला टेकून मोबाईल बघत होता. त्याचं लक्ष मोबाईलमध्ये नव्हतं.

"खोड कसली," अण्णा म्हणाले. "वय झालंय तिचं. तेवढंच."

इतकं सहज बोलता आलं, याचंच त्यांना वाईट वाटलं. मग घाईघाईनं म्हणाले, "चालवून बघ की. चांगली लांबवर ने. पार नेवाशापर्यंत जाऊन ये."

"तुमी सांगितल्यावर आनखी काय बघायचं?"

बजरंगच्या बायकोनं, रंगुबाईनं, गाडीला हळदकुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला. आरती अण्णांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण तोंडातून आशीर्वाद काही निघाला नाही. बजरंग नुकताच गाडी शिकलेला. फाटकाशी दोन गचके देत गाडी रस्त्याला लागली.

त्यानंतर अण्णांनी गोठा झाडला. झाडून झालेला गोठा पुन्हा झाडला. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मिनिटं मोजली जात होती. तासाच्या थोडं पुढं फोन वाजला. नाव बजरंगचं. अण्णांनी शिव्या ऐकायची तयारी केली. खरं तर त्यांना त्या ऐकायच्याच होत्या.

"अण्णा, रागावू नका," बजरंगचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गाडी मी बिघडवली."

"काय?"

"तिसगावच्या अलीकडं हाय. गिअरच पडंना. माझा हातच बसलेला न्हाई अजून, कायतरी आडवंतिडवं झालं माझ्याकडनं. तुमी येवढी जपली, अन् मी तासाभरात मोडून ठिवली. रंगी म्हनली, आधी अण्णास्नी सांगा. लपवू नका."

"बजरंगा, तुझं न्हाई रे चुकलं..."

"न्हाई अण्णा, उगं समजूत काढू नका. उद्या पोरीला येष्टीनं न्हेतो, तिचं काय अडत न्हाई. गावातल्या मिस्त्रीपर्यंत ढकलतो आता. थांबा हां."

फोन बंद न करताच त्यानं तो खिशात टाकला. अण्णांच्या कानात कापडाची खसखस आली, वाऱ्याचा आवाज आला, मग रंगुबाईचा, "आरते, पदर... आपलं, ओढनी खोच आधी," आणि पोरीचं हसू.

"तिसरा गिअर सटकतो तिचा," अण्णा म्हणाले. "पयल्यापासनं सटकतो. मला ठावं हुतं."

तिकडं कुणालाच ऐकू गेलं नाही. फोन ठेवून पुन्हा लावायचा, एवढंच काम होतं. पण एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं बळ अण्णांच्या अंगात राहिलं नाही. ते फोन कानाला लावून अंगणात तसेच उभे राहिले. त्यांच्या बायकोनं, राहीबाईनं, आतून दोनदा हाक मारली, काय झालं म्हणून.

फोनमध्ये तिघांचा एकदम जोर लागला. चाकं खडीवरून करकरत हलली. आणि धापा टाकत बजरंग पोरीवर ओरडला, "आगं दमानं! हात स्वच्छ पूस आधी, अण्णांची गाडी हाय ती!"