निजपहारा

विनिफ्रेड गार्साइडने खोकं टेबलावर असं आपटलं, की कागदी पेल्यातला चहा हिंदकळला. खोक्यावर गाढ झोपलेल्या एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं आणि वर ठळक अक्षरांत तिचाच शब्द: निजपहारा.

"हे काय आहे?"

"बाळाच्या उशाशी ठेवायचं यंत्र," कंपनीचा तरुण अधिकारी हसून म्हणाला. "श्वास ऐकतं, रडणं ऐकतं, सगळं टिपून आमच्याकडे पाठवतं. मी जस्टिन. बसा ना, विनिफ्रेड."

ओळख ना पाळख, आणि ऐंशीच्या बाईला एकदम नावाने हाक! विनिफ्रेडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बार्न्सलीच्या पोस्टात नोकरी करता करता, चाळीस वर्षांपूर्वी तिने ती कादंबरी लिहिली होती. त्यातलं सरकार प्रत्येक नागरिकाच्या उशाशी एक यंत्र बसवतं. झोपेत कोणी भलतंसलतं बरळलं, की सकाळी त्याला उचलून नेतात. असल्या यंत्राला भाषेत शब्दच नव्हता, तो तिने घडवला. 'त्या रात्री शहरातला प्रत्येक निजपहारा जागा झाला', हे कादंबरीचं पहिलं वाक्य देशातल्या निम्म्या लोकांना शाळेपासून पाठ होतं.

"अरे, ती शिवी आहे, शिवी!" ती कडाडली. "आणि ती तुम्ही तान्ह्या लेकरांच्या उशाला बांधता? लाज कशी वाटत नाही?"

"आम्हा सगळ्यांचं आवडतं पुस्तक आहे हो ते. म्हणून तर हे नाव घेतलं."

"हो? मग शेवटी काय होतं त्यात?"

जस्टिनने कान खाजवला. "परीक्षेला पहिलं प्रकरणच होतं."

मग त्याने आवाज मऊ केला. नाव आता कंपनीने रीतसर नोंदवलं होतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, हेही कंपनीच्या कानावर आलं होतं. पुस्तकातला निजपहारा माणसं पकडून देतो, त्याने मालाची बदनामी होते. तेव्हा तो शब्द बदलावा. नाहीतर कोर्ट आहेच.

"माझ्या पुस्तकातून माझाच शब्द काढू? चोर तो चोर, वर शिरजोर!"

तिने शेजारी पाहिलं. प्रकाशक डेस्मंडला तिने पाठराखण करायला आणलं होतं. तो खाली मान घालून बिस्किटाचा चुरा करत होता.

"दुसरा शब्द दे ना, विनी," तो पुटपुटला. "कोर्टात गेलो तर माझं दिवाळं निघेल. आणि शब्द घडवणं म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ."

तिच्या कादंबरीतलं सरकारही लोकांचे शब्द असंच काढून घेई, चहा पाजून, गोड बोलून. विनिफ्रेडला रडू येईलसं वाटलं. मग तिने पर्समधून पेन काढलं.

"बरं, बदलते. पोरा, तुझं आडनाव काय रे?"

"क्लटरबक."

"ते कोणी नोंदवलेलं नाही ना?"

"आडनाव? छे! ते कोण नोंदवणार?" जस्टिन खुलला. "का हो, पुस्तकात आभार मानताय की काय?"

"मानते की. अगदी पहिल्याच ओळीत."

वसंतात नवी आवृत्ती दुकानांत आली. तिचं पहिलं वाक्य होतं, 'त्या रात्री शहरातला प्रत्येक क्लटरबक जागा झाला.'