माहेरचं विरजण

छबूनं लग्नात माहेरच्या विरजणाचं गाडगं आणलं, आणि कशालाच दाद न देणारी सासऱ्यांची संग्रहणी त्या दह्यानं थांबली. बीडच्या हकिमानं बजावलं, "हेच दही रोज द्या, खंड पडू देऊ नका."

तेव्हापासून छबूनं माहेरचं नाव काढलं की सासू म्हणायची, "दुसरीच्या हातानं लागत न्हाई ते. तू गेलीस तर दही कोण लावंल?" पंचमी गेली, दिवाळी गेली.

एका संध्याकाळी छबूनं सगळ्या विरजणावर उकळतं दूध ओतलं. सकाळी दही लागलंच नव्हतं. घाबरलेल्या सासूनं स्वतः गाडी जुंपायला लावली. "चौसाळ्याला जा, आईकडून इरजण घे अन् दिवस मावळायच्या आत परत ये."

आईनं, दगडाबाईनं, काही न विचारता गाडगं भरलं, वर फडकं बांधलं.

"आजची रात राहू दे की गं, आई."

"रातच्याला लावलं न्हाई, तर उद्या सासऱ्याला काय देशील?"

छबू रडत गाडीत बसली. आईनं गाडगं तिच्या मांडीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली,

"उकळतं दूध ओतलंस न्हवं? मीबी तेच केलतं. माझ्या आईनंबी असंच गाडगं भरून दिलतं."