मेबलबाईंचे ओठ

"कलावंताला मरण नसतं!" कोल्हापूरच्या फिल्म सोसायटीचे अध्यक्ष गरजले, आणि माइक मेला.

१९९८ची सकाळ. पडद्यावर अमेरिकेची मेबल हार्ट आली. चाळीस मूकपट गाजवले, बोलपट येताच घरी बसली, वारून साठ वर्षं झालेली.

प्रोजेक्टरवाल्या मल्लेशचं चित्त दवाखान्यात होतं. तिथं त्याच्या आईचं ऑपरेशन चाललेलं. आई मुकी, नुसते ओठ हलवून बोलायची. मल्लेश ते वाचायचा.

तिसऱ्या रिळात मेबलबाई रडता रडता थांबली. थेट मल्लेशच्या प्रोजेक्टर-खोलीच्या खिडकीकडे बघू लागली. काल ट्रायलला हे नव्हतं.

ओठ हलले. "मल्लेश."

मल्लेश खिडकीशी वाकला. "आईचं काय हाय का?"

"ती बरी हाय. तेवढा पडद्याजवळचा पंखा बंद कर की. डोळ्यात धूळ जातीया."