पश्चिमेचा खांब

भिंतीवर हिमेजीचा किल्ला उलटा पडला होता. डावं ते उजवीकडे, उजवं ते डावीकडे. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या त्या दिवाणखान्यात बसलेल्या अकरा माणसांपैकी हे फक्त सुहासिनीला कळलं. नवऱ्याने स्लाइड उलटी घातली होती. तिला बरंच वाटलं.

रविवारची दुपार होती. खिडक्यांचे पडदे ओढून तिचा नवरा राजीव मित्रमंडळींना स्लाइड्स दाखवत होता. कंपनीने त्याला पंप बघायला आठ दिवस जपानला, ओसाकाला पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी वेळ होता, म्हणून तो किल्ल्यावर जाऊन आला.

मुंबईला आर्किटेक्चर शिकताना सुहासिनीने याच किल्ल्यावर प्रबंध लिहिला होता. न बघता. सिडनीत तिची डिग्री चालली नाही. ब्याऐंशी साल उजाडलं, तरी ती एका ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज ट्रेस करत होती. राजीव परत आल्यापासून तिने त्याला किल्ल्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"आणि हा मधला खांब," राजीव म्हणाला. "तळापासून वरपर्यंत एकच झाड."

"एकच झाड आहे तो पूर्वेचा खांब. हा पश्चिमेचा आहे," सुहासिनी म्हणाली. "याला जोड आहे."

आवाज जरा चढाच निघाला. वसईच्या ऑगस्टिनने विचारलं, कसला जोड? मग ती उठलीच. दुरुस्तीच्या वेळी नवा खांब आणताना मोडला, म्हणून दोन झाडं तिसऱ्या मजल्यावर एकात एक बसवली, हे तिने बोटं अडकवून दाखवलं. मागच्या स्लाइड्स पुन्हा लावायला सांगितल्या. वर जाणारी वाट मध्येच उतरते, ती शत्रूला आपण चुकलो असं वाटावं म्हणून. राजीव ती म्हणेल ती स्लाइड लावत राहिला. बटाटेवडे गार झाले, पण कोणी उठलं नाही.

निघताना ऑगस्टिनने विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी गेला होता?"

"मी नाही. हा गेला होता."

सगळे गेल्यावर ती पडदे उघडू लागली. चारचौघांत चूक काढली म्हणून राजीव चिडणार, हे ती धरून चालली होती. उत्तरही तयार होतं.

राजीव प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता.

"तीन तास हिंडलो मी तिथे," तो मान वर न करता म्हणाला. "मला यातलं काहीच दिसलं नाही."

त्याच्या आवाजात हेवा होता. सुहासिनीला तो लगेच ओळखू आला.