ओरखड्याची जागा

"बाई, मूळ गाण्यात 'साजन' एकदाच आहे. आपण तीनदा घेतो." जुन्या तबकडीचं, खरखर काढून साफ केलेलं ध्वनिमुद्रण मी गाण्याच्या बाईंना हेडफोनवर ऐकवलं.

त्यांनी डोळे मिटले. दुपारचं ऊन सतरंजीवर सरकत राहिलं.

"काय लख्ख आवाज आहे गं! आमच्या तबकडीला नेमका तिथेच ओरखडा होता. सुई अडून तोच शब्द वाजत राहायचा. तिसऱ्यांदा 'साजन' आलं, की बाबा बोटाने सुई हलकेच पुढे सरकवायचे."

"मग आता एकदाच घ्यायचं?"

बाईंनी तंबोरा जुळवला आणि त्या गाऊ लागल्या. तिसऱ्या 'साजन'नंतर, नेहमीसारखीच, त्यांची तर्जनी हवेत हलकेच पुढे सरकली.

माझीही सरकली. बाईंच्या सगळ्याच शिष्या ती जागा अशीच घेतात.