गळून पडेपर्यंत

“उजवा हात पुढं कर, दादा,” अश्विनी म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

सुदर्शनने डावा हात पुढे केला. उजवा मनगटाच्या वरच संपत होता, शर्टाची बाही तिथे दुमडून पिन लावलेली होती. वर्ष झालं तरी हे तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. तिने डोळे पुसले, भावाला ओवाळलं, राखी बांधली आणि अख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला.

ती शिनोलीहून आली म्हणून सुदर्शनचे मालक निजामचाचांनी लाकूड फिरवून कातायची लेथ बंद करायला लावली होती. जुन्नरच्या त्यांच्या कारखान्यात पलंगाचे पाय आणि लाटणी व्हायची. लेथवर आता चाचांचा मुलगा इरफान बसायचा आणि सुदर्शन एका हाताने पॉलिशपेपर घासायचा. ‘लाकूड सटकलं, हात सापडला,’ एवढंच त्याने घरी सांगितलं होतं. खरं काय ते त्याला आणि चाचांनाच ठाऊक होतं. बहिणीला आयुष्यभर ते खात राहील, म्हणून दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं.

“इरफानभाऊ, तुमीबी बसा,” अश्विनी म्हणाली. “दवाखान्यात दादाजवळ तुमीच व्हता. सख्खा भाऊ तरी आणखी काय करतो?”

इरफान लाजला. अंगावरचा भुसा झटकून तो समोर बसला. तिने त्याच्या मनगटावर रेशमी राखी बांधली आणि गाठ चांगली आवळली.

चाचा बघत होते. त्यांच्या कारखान्यात एक कायदा होता. मशीनला हात लावायच्या आधी अंगठी, घड्याळ, गंडा, सगळं भिंतीवरच्या खिळ्याला. इरफानचा तावीजही तिथेच लटकलेला होता, त्याबद्दल घरात केवढी बोलणी खावी लागली तरी चाचा बधले नव्हते. गेल्या साली मात्र सुदर्शनच्या बाबतीत त्यांची जीभ रेटली नाही. बहिणीची राखी सोड, असं हिंदूच्या पोराला आपण कसं सांगायचं? माणूस भिडेपोटी गप्प बसतो आणि पुढे जन्मभर हळहळतो.

“इरफान,” ते म्हणाले, “मशीनवर जायच्या आधी सोड ती.”

अश्विनीचा चेहरा उतरला. “आमच्यात गळून पडंस्तवर राखी सोडत न्हाईत, चाचा.”

“माहीत हाय, बेटा. पर सोडाया लागंल.”

“का? आमची राखी तुमच्यात चालत न्हाई व्हय?”

गेल्या साली ज्या प्रश्नाला ते भ्याले होते, तोच आज समोर उभा राहिला. उत्तर होतं, पण ते तिच्या जिव्हारी लागलं असतं. त्यांनी सुदर्शनकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच ‘नको’ म्हणत होता.

“तसं न्हाई गं पोरी,” चाचा पुटपुटले. “ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे हातात.”

अश्विनीला बरं वाटलं. ती ताट आवरायला लागली. लाईट जायच्या आत लाटणी उरकायची होती, म्हणून इरफान उठला आणि लेथपाशी गेला. त्याने बटणाकडे हात नेला.

“थांब!” सुदर्शन ओरडला. “हात लावू नको मशीनला!”

त्याचा आवाज फाटला होता. इरफान जागच्या जागी थबकला. अश्विनीने भावाकडे पाहिलं, मग लेथकडे, मग इरफानच्या मनगटाकडे.

“दादा, लाकूडच सटकलं व्हतं ना?”

चाचांनी तोंडावर रुमाल धरला.

“सांग ना. गेल्या सालची माझी राखी... ती कधी तुटली?”

“तुटली न्हाई, अश्वे,” सुदर्शन म्हणाला. “लाकडासंगं गुंडाळत गेली, पर तुटली न्हाई.”

अश्विनी उठली. तिने इरफानचा हात धरून त्याला उजेडात ओढलं. गाठ तिनेच आवळली होती, नखांनी ती सुटेना. तिने खाली वाकून दात लावले.